म्हाळूच्या नावापुढची चांदणी

उज्ज्वला मेंढरांमागे वाढली म्हणून तिला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा लवकर कळली. हे तिच्या कॉलेजातल्या सरांना सांगितलं असतं तर ते हसले असते. पण खरं तेच होतं, आणि सरांच्या हसण्याने खऱ्याचं काही बिघडत नाही.

पाणवठ्यावर दोन-तीन कळप एकमेकांत मिसळले की ओरडून उपयोग नसतो. सगळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायची, जाळीला एकच फट ठेवायची आणि एकेक मेंढरू बाहेर सोडायचं. त्या फटीशी उज्ज्वलाचा बाप म्हाळू उभा असायचा. पाटोद्याच्या आसपासच्या मेंढक्यांत हा मान त्याचाच. ज्या मेंढराला मालक तोंडावरून, नावाने ओळखतो, त्याचा निकाल आधी. मग कानाचा काप बघायचा. मग पाठीवरचा रंग. आणि ज्याला कशाचीच खूण नाही, ते बिरोबाचं म्हणून बाजूला उभं करायचं, मालक येईपर्यंत. रंगवाल्याने मध्येच हक्क सांगितला की म्हाळू त्याला काठीने मागे सारायचा. "नेमकं आधी, मोघम मागून," एवढंच म्हणायचा. त्यावरून कधी भांडण झालेलं कुणी पाहिलं नाही.

पुढे बीडला शिकायला गेल्यावर तिच्यासमोर तेच आलं, फक्त मेंढरांच्या जागी वेबसाइटचे पत्ते होते. माणूस मोबाईलवर एखादा पत्ता उघडतो. त्या पत्त्याचं काम कोडाच्या कुठल्या तुकड्याने करायचं ते फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा तयार सांगाडा, ठरवतं, आणि त्या तुकड्याला हँडलर म्हणतात. पत्त्याच्या नमुन्यात एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली की त्या जागी कुठलाही एक शब्द चालतो. दोन चांदण्या लागोपाठ टाकल्या की पुढे काहीही, कितीही चालतं. एकाच पत्त्यावर दोघातिघांनी हक्क सांगितला तर ज्याचा नमुना नेमका, त्याला काम मिळतं. दोन चांदण्यांवाला सगळ्यात शेवटी. वर्गातली पोरं डोकं खाजवत बसली होती, आणि ही बाई मनातल्या मनात म्हणत होती, अरे, ही तर बाबाची फट आहे.

म्हणून नोकरी लागल्यावर तिने फावल्या वेळात मेंढक्यांसाठी साइट केली. नाव ठेवलं रानबोलावणं. रिवाज असा, की मेंढका कुणाच्या रानात आपण होऊन मेंढरं बसवत नाही. शेतकऱ्याला खत हवं असलं की तो पाटोद्याच्या बाजारात येतो, मेंढक्याच्या हातावर नारळ ठेवतो आणि गावाचं नाव घेतो. बोलावल्याशिवाय वाडा, म्हणजे मेंढक्याचं बिऱ्हाड आणि कळप, हलत नाही. पण एका वर्षी एकाच रानात दोन वाडे पोहोचले, डोकी फुटली, आणि उज्ज्वलाने ठरवलं की बोलावणं आता मोबाईलवरून जाईल. शेतकऱ्याने मेंढक्याचं नाव आणि गाव दाबायचं, मेंढक्याच्या फोनवर निरोप वाजायचा. कोडात एक साधी ओळ होती: /बोलावणं/*/*. पहिली चांदणी मेंढक्याची, दुसरी गावाची. चुकून कुठेच न बसलेल्या पत्त्यांसाठी आणि यादीत नसलेल्या नावांसाठी सगळ्यात खाली लागोपाठ दोन चांदण्यांची ओळ. तिथे तिने हौसेने लिहून ठेवलं होतं, "निरोप कुणाचा ते समजलं नाही. बाजारच्या दिवशी पाटोद्यात वडाखाली म्हाळू मेंढक्याला विचारा. त्याला सगळ्यांची ओळख हाय." ते पान कुणाला कधी दिसलंच नाही, कारण साइट चांगली चालत होती. चाळीस मेंढके तिच्यावर होते.

आणि आता होळी झाली तरी म्हाळूचा वाडा हलला नव्हता.

हे उज्ज्वलाला कळलं ते आईच्या फोनवरून. "येत्या बाजारच्या दिशी यापारी येतोय," साखराबाई म्हणाली. "समदी मेंढरं द्यायची म्हणतोय तुजा बाप. तू येऊन जा बाई एकडाव." आवाजात रडणं नव्हतं, म्हणूनच उज्ज्वला घाबरली. सकाळच्या पहिल्या एसटीने ती गावी आली.

म्हाळू माळावर कळपाशी होता. माळ खरवडून काढल्यासारखा दिसत होता. सव्वाशे मेंढरं दिवाळीपासून त्याच माळावर फिरत होती, त्यामुळे गवताची काडी उरली नव्हती. मेंढरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. म्हाळू एका कोकराच्या कानामागे खाजवत बसला होता. लेकीला बघून त्याने नुसती मान हलवली.

"बाबा, कावून इकताय?"

"बोलवलं न्हाई कुणी."

"कुणीच?"

"नऊ गावं माजी. एका बी गावानं न्हाई." म्हाळूने कोकराला पुढे सारलं. मग म्हणाला, "बाकीच्यांचं जाऊ दे. उत्तरेश्वरानं बी न्हाई."

उत्तरेश्वर म्हणजे माजलगावकडे सिंदफणेच्या काठी आंबेटाकळी आहे, तिथला शेतकरी. बावीस वर्षं म्हाळूचा वाडा आधी त्याच्या रानात बसायचा. उज्ज्वलाचा धाकटा भाऊ जीवन जन्मला तो त्याच रानात, आणि बाळंतिणीला पहिलं तूप घातलं ते उत्तरेश्वराच्या बायकोने, कौशल्याबाईने. दोघा पुरुषांत एका बिडीचे दोन तुकडे व्हायचे, इतकं ते होतं. म्हाळूने माणसं कमी जोडली, पण जोडली ती जोडली. आणि आता त्याच दोस्ताचं नाव त्याने मान खाली घालून घेतलं होतं.

"तुमी फोन लावायचा न्हाई का?"

"मी? मी इचारू? बस म्हणा आता तुमच्या रानात, म्हणून?" म्हाळूने तिच्याकडे बघितलं. "ज्यानं बोलवायचं त्यानं बोलवावं. न्हाई बोलवलं तर समजून घ्यावं. संपलं असंल त्याच्याकडून."

फोन तर तसाही त्याच्याजवळ नसायचा. रानात रेंज नाही आणि अक्षर त्याला वाचता येत नाही, म्हणून घरातला मोबाईल जीवनच वागवायचा. निरोप आला की तो बापाला सांगायचा. यंदा सांगण्यासारखं काही आलंच नव्हतं, असं जीवन म्हणत होता.

उज्ज्वला घरी आली, लिंबाखाली खाट ओढली आणि लॅपटॉप उघडला. तिला वाटत होतं, शेतकऱ्यांनी पाठ फिरवली. वाईट वाटत होतं, पण त्यात तिचा काही दोष नव्हता. तिने म्हाळूच्या नावाचे निरोप बघितले. गेल्या वर्षी अडतीस. यंदा शून्य.

शून्यावर तिची नजर अडकली. एखादं गाव रुसतं, दोन रुसतात. नऊच्या नऊ गावं एका दिवशी कशी रुसतील? ती काय पंचांग बघून रुसली? तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. तिथे दारावर येऊन गेलेल्या प्रत्येकाची ओळ असते, मग आत त्याचं काहीही होवो. म्हाळूचं नाव शोधलं. एक, दोन, पाच, पंधरा. एकूण एकेचाळीस वेळा म्हाळूला बोलावणं आलं होतं. त्यातली पाच आंबेटाकळीची.

बोलावणी आली होती. दारापर्यंत आली होती आणि दारातच नाहीशी झाली होती. साधी चूक असती तर साइटने आरडाओरडा केला असता, लाल अक्षरं दाखवली असती. इथे सगळीकडे हिरवं होतं, सगळं ठीक.

तिने स्वतःच्या मोबाईलवरून आंबेटाकळीच्या नावाने बापाला बोलावणं धाडलं. लगेच उत्तर आलं, "निरोप पोहोचला. धन्यवाद."

उज्ज्वलाने ते दोनदा वाचलं. धन्यवाद हा शब्द तिने साइटवर कुठेच घातला नव्हता. मेंढक्यांत कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं तर समोरचा विचारील, मी काय परका आहे का? तिचं उत्तर असं असायचं: "निरोप पोहोचला. वाडा कधी येतो ते कळवतो." मग हे धन्यवाद बोलणारं कोण?

तिने कोडात तो शब्द शोधला. एकाच ठिकाणी सापडला. चार ओळींचा हँडलर होता. निरोप घ्यायचा, कुणाला कळवायचा नाही, कुठे लिहून ठेवायचा नाही, वर गोड बोलून माणसाला वाटेला लावायचं. आणि त्याच्या डोक्यावर नमुना होता: /बोलावणं/म्हाळू/*.

तिच्या ओळीत दोन चांदण्या सुट्या होत्या, कुणीही मेंढका, कुठलंही गाव. या ओळीत मेंढक्याच्या जागी चांदणी नव्हती, नाव होतं. म्हणजे ही ओळ अधिक नेमकी. नेमकं आधी. म्हाळूच्या नावाने आलेला प्रत्येक निरोप, कुठल्याही गावाचा, आधी हिच्या हातात जायचा. बाकी एकोणचाळीस मेंढक्यांना धक्का नाही. साइट चोख. कुणाला कशाला संशय येईल?

बापाचाच नियम होता, आणि बापाच्याच नावापुढे चांदणी टाकून कुणीतरी त्याचा गळा आवळला होता.

कुणीतरी कसलं. प्रत्येक ओळ कुणी लिहिली आणि कधी, हे तिथे लिहिलेलंच असतं. उज्ज्वलाला बघायचं नव्हतं, कारण साइटच्या किल्ल्या दोघांच्याच हातात होत्या. तरी तिने बघितलं. जीवन. तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची.

भाऊबीजेला तिने धाकट्या भावाला ओवाळलं होतं आणि ताटात त्याने टाकलेली ओवाळणी परत त्याच्याच मुठीत कोंबून म्हणाली होती, "मला काय नको. यंदापास्नं साइट तू सांभाळ. मला नोकरीतनं होत न्हाई." एकवीस वर्षांचा गडी, तिनेच शिकवलेला. चांदणी म्हणजे काय, नमुना कसा जिंकतो, हे समजवायला तिने खाटेवर हरभरे मांडले होते. त्याने दुसऱ्याच दिवशी शिकलेलं कामाला लावलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

जीवन दुपारी आला. पाटोद्याला गेला होता, व्यापाऱ्याला टेम्पोचं सांगायला. उज्ज्वलाने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

त्याने बघितलं आणि खाटेच्या कडेला बसला. नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"आक्का, आदी ऐकून घे."

"बोल."

"मायचे गुडघे बघितलेस? गेल्या साली गोदाकाठी चिखलात पडली, मी पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं. तू नव्हतीस. तू बीडला पंख्याखाली. डाक्टर म्हणला, चालणं बंद करा. बाबाला सांगितलं तर म्हणतो, वाडा हलला की मोकळे व्हतात गुडघे. कोण समजवणार त्याला? मेंढरं इकल्याबिगर त्यो थांबत न्हाई. आन् बोलावणं आल्यावर तर मरंस्तवर थांबत न्हाई."

"म्हणून बोलावणंच मारलंस?"

"मी कुणाला मारलं न्हाई. नुसतं पोचू दिलं न्हाई."

उज्ज्वलाला राग आला होता, पण त्या रागाला एका बाजूने भोक पडलं. आईच्या गुडघ्यांचं खरं होतं. ती नव्हती, हेही खरं होतं. जीवनने ते ओळखलं आणि तिचा हात धरला. "आक्का, यापारी परवा येतोय. तेवढं व्हऊ दे. मग ती ओळ काढ. बाबाला म्हण, मशिनीत बिघाड हुता. कोडात चूक झाली म्हण. त्याला काय कळतंय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने हात सोडवून घेतला, ओळ त्याच्यासमोर पुसली आणि म्हणाली, "इकायचं का न्हाई ते बाबा ठरवंल. पण उत्तरेश्वरतात्या बेइमान न्हाई, एवढं त्याला कळाया पायजे. मी उद्या आंबेटाकळीला जाते आन् तात्यालाच घेऊन येते. बिघाड हुता म्हणून सांगते. तुजं नाव घेत न्हाई."

जीवनचा चेहरा तेव्हा पांढरा पडला. तिला वाटलं, शरमेने. माणूस आपल्या माणसाबद्दल चांगलंच समजायला बघतो, आणि तिथेच फसतो.

"नको जाऊस," तो म्हणाला. "फोन लाव नुसता."

ती गेली.

आंबेटाकळीला पोहोचायला दुपार झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, पाटाला पाणी. तिच्या पायांना वाट पाठ होती. उत्तरेश्वराच्या रानात, विहिरीच्या वरच्या तुकड्यात, जिथे दरसाल म्हाळूची वाघूर लागायची, तिथे काहीच नव्हतं. नांगरट नाही, पेरा नाही. तुकडा तसाच ठेवला होता.

कौशल्याबाईने तिला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. ज्या घरात पोरगी शिरली की आधी चुलीवर पातेलं चढायचं, त्या घरात नुसता तांब्या पुढे आला, आणि उज्ज्वलाने तो तसाच बाजूला ठेवला. उत्तरेश्वर बाजेवर बसला होता. उठला नाही.

"कावून आलीस?"

"तात्या, तुमी बाबाला बोलवलं हुतं."

"पाच डाव. तुज्याच मशिनीवर. पाची डाव म्हणली, निरोप पोचला. धन्यवाद." तो शब्द त्याने असा उच्चारला की कुणी तोंडावर दार लावलं असावं. "आमाला धन्यवाद कदी म्हणला हुता का गं म्हाळू, बावीस सालात?"

"मशिनीत बिघाड हुता, तात्या. बाबापर्यंत कायच पोचलं न्हाई. त्यो तिकडं वाट बघतोय. उद्या मेंढरं इकायला काढलीत त्यानं."

उत्तरेश्वर हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"मशिनीत बिघाड. बरं. आन् फोनात?"

"फोनात?"

"संक्रांतीला म्या फोन लावला. म्हणलं मशीन जाऊ दे, तोंडानं बोलू. जीवन बोलला. म्हणलं, म्हाळूला दे. म्हणला, बाबा बोलायचं न्हाई म्हणतोय. म्हणलं, कावून बे? तर म्हणला..." उत्तरेश्वर थांबला. कौशल्याबाई आत निघून गेली. "म्हणला, बाबा म्हणतोय, तुमच्या रानात बसून आमची मेंढरं मरत्यात. पाणी नासलंय तुमचं. आता माणसं बी नासली. आमचं नाव घेऊ नका."

उज्ज्वलाने विहिरीकडे बघितलं.

"त्या पाण्यावर तू वाढलीस," उत्तरेश्वर म्हणाला. "त्यो जीवन जन्मला तवा हिनं त्या पाण्यानं त्याला धुतला. म्हाळूनं मला दोन कानाखाली द्यायच्या हुत्या, म्या खाल्ल्या असत्या. हे बोलायला नको हुतं त्यानं."

"त्यो न्हाई बोलला."

"मंग कोण बोललं?"

खोटं सांगायचं तिने भावाला कबूल केलं होतं, पण आता ते तिच्या तोंडातून निघेना. एक ओळ लिहिणं वेगळं. आईचे गुडघे, बापाचा हट्ट, समजू शकतो. पण बापाच्या तोंडात हे शब्द घालायला कोडाची गरज नव्हती. ते त्याने शुद्धीवर, गोड आवाजात, फोन कानाला लावून केलं होतं. आणि काल लिंबाखाली बसून आईच्या गुडघ्यांचं सांगताना यातलं अक्षर बोलला नव्हता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपण रडत होतं.

"जीवन बोलला," ती म्हणाली. "त्याच्या मनानं."

उत्तरेश्वराने डोळे मिटून घेतले. मग त्याने आत हाक मारली, "अगं, चहा ठिव पोरीला." पण चल म्हणाला नाही. तिने दोनदा विनवलं. "तुजा बाप खरं ऐकून काय करतोय ते बघू," तो म्हणाला. "म्या पाच डाव बोलवलं. सहावा डाव माज्याच्यानं व्हत न्हाई बाई."

बाजारच्या दिवशी टेम्पो उन्हं चढायच्या आत आला. म्हाळूने माळावर वाघूर लावून कळप आत घेतला होता, एक फट ठेवली होती. शेवटचं मोजून द्यायचं म्हणून तो फटीशी उभा होता, काठी घेऊन, दरसालासारखा. साखराबाई दगडावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. जीवन टेम्पोची फळी लावत होता. रात्री बीडला मुक्काम करून उज्ज्वला तिथून येणाऱ्या पहिल्या गाडीतून उतरली आणि धावत माळावर आली. भावाकडे तिने बघितलं नाही.

"बाबा, तात्यानं पाच डाव बोलवलं हुतं."

मग तिने सगळं सांगितलं. एकेचाळीस निरोप, ती ओळ, तो फोन. फोनमधले शब्द जसेच्या तसे सांगितले, कारण तेच सगळ्यांत जड होते आणि ते एकटीने वाहून आणताना तिचा जीव अर्धा झाला होता. व्यापारी गाडीच्या सावलीत सरकला. असल्या वेळी परक्याने कुठे उभं राहायचं, ते त्या माणसाला कळत होतं.

म्हाळूच्या तोंडून पहिला शब्द आला तो असा: "म्हंजे उत्तरेश्वर तसा न्हाई." आणि क्षणभर त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की उज्ज्वलाला रडू फुटलं.

मग तो चेहरा जीवनकडे वळला. "पाणी नासलं म्हणलास? माज्या तोंडून?"

"बाबा, मायसाठी..."

"मला इचारलं का कुणी?" साखराबाई दगडावरूनच म्हणाली. "माज्या गुडघ्याला कुणी इचारलं? तुज्या लबाडीला माजं नाव नको लावू."

म्हाळूने जाळीची फट थोडी उघडली आणि काठी आडवी धरली. एकेक मेंढरू येऊ लागलं. आपल्या दोन्ही लेकरांच्या नावाने त्याने जन्मापासून एकेक कोकरू ठेवलेलं होतं आणि त्यांची वीण वाढत गेली होती. जीवनच्या मेंढरांच्या डाव्या कानाला दुहेरी काप. तसा काप दिसला की म्हाळू काठीने ते मेंढरू टेम्पोकडे सारायचा. बाकीची माळावर. एकही चुकलं नाही. फळीपाशी बावीस मेंढरं उभी राहिली.

"ही तुजी हायत," तो जीवनला म्हणाला. "यापारी तू बोलवलास. बोलवलेला माणूस मोकळा धाडू न्हाई. दे त्याला."

"बाबा, निस्ती माजी कावून?"

"माजी माजी हायत."

त्यावर जीवन रडायला लागला, लहान पोरासारखा, फळीला धरून. तेव्हाही त्याच्याजवळ कुणी गेलं नाही. टेम्पो गेला तेव्हा तोही त्याच्यात बसून गेला.

उज्ज्वलाला वाटलं, आता बाप आपल्या डोक्यावर हात ठेवील. खरं शोधलं तिने, आणलं तिने. म्हाळू जाळी गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "उज्जे, तुज्या मशिनीतनं माजं नाव काढ."

"बाबा, ती ओळ म्या काढली. आता नीट पोचंल."

"जीवन खोटं बोलला. खरं हाय. पण आदी पाच डाव तुजी मशीन खोटं बोलली, पोचलं म्हणून." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "नारळ घेऊन माणूस येत हुता, तवा त्याचं तोंड मला दिसत हुतं. तू म्हणलीस गरज न्हाई. म्या ऐकलं. तू माजी हुतीस म्हणून ऐकलं. त्यो बी माजाच हुता."

किल्ली तिने दिली होती, आणि दिल्यावर चार-पाच महिने दाराकडे बघितलं नव्हतं. भावाने बापाला फसवलं हे ती जगाला सांगत आली, आणि बापाच्या हिशेबात दोघंही एकाच बाजूला उभी होती.

म्हाळूने मेंढरं साखराबाईच्या हवाली केली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि एसटीच्या रस्त्याने निघाला. एकटा, मेंढरांशिवाय. बोलावल्याशिवाय जाऊ नये हा रिवाज मेंढरांसाठी आहे. माफी मागायला जाणाऱ्याला कुणी बोलवत नसतं. वाटेत दुकानाशी थांबून त्याने नारळ घेतला. बावीस वर्षांत मेंढक्याने शेतकऱ्याच्या दारी नारळ नेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

उज्ज्वला लिंबाखाली बसली आणि तिने साइटवरून बापाचं नाव काढलं. एक नाव पुसायला कितीसा वेळ लागतो. मग सवयीने तिने तपासून बघितलं. मोबाईलवर पत्ता टाकला, /बोलावणं/म्हाळू/आंबेटाकळी. तिच्या ओळीला या नावाचा मेंढका आता यादीत सापडला नाही, म्हणून निरोप खाली घरंगळत गेला, ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी ठेवलेल्या शेवटच्या दोन चांदण्यांपाशी. आणि साइट चालू झाल्यापासून पहिल्यांदा ते पान उघडलं.

"निरोप कुणाचा ते समजलं नाही. बाजारच्या दिवशी पाटोद्यात वडाखाली म्हाळू मेंढक्याला विचारा. त्याला सगळ्यांची ओळख हाय."

तिने मोबाईल पालथा ठेवला. साखराबाई माळावरून हाक मारत होती, कोकरं आवरायला कुणीतरी या म्हणून. घरात आता दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तीच उठली.